उणे पंचवीस

बाबांच्या तेरवीनंतर दुसऱ्याच दिवशी मी कामावर गेले. ऑफिसातून आठवडाभर आराम करायला सांगितलं होतं, पण घरात बसून करायचं काय? भाऊ पुण्याला परतला होता. आई पाहुण्यांसाठी काढलेली भांडी पुसून पुन्हा माळ्यावर ठेवत होती. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. तेरवीच्या पंगतीत एका काकांनी मला विचारलं, त्यांच्या घरचं वायफाय वरच्या मजल्यावर का येत नाही. मी हातातलं भाताचं भांडं खाली ठेवलं आणि त्यांना नीट, मुद्देसूद समजावून सांगितलं. आई लांबून बघत होती.

"आजच काहून जाऊन राहिली तू?" तिने दारात विचारलं.

"काम पडलंय."

"मले काय सांगतं. तुयं तू पाह्य." तिने डबा हातात दिला आणि आत गेली.

आमचं ऑफिस रायपूरच्या शंकर नगरात, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. मालक नागपूरचे, मी, आणि आणखी दोघं जण. काकांना वाटतं तसे आम्ही घरातले राउटर बसवत नाही. आमचे राउटर पंज्याएवढे, लोखंडी डब्यात बसणारे, धूळ आणि उन्हाळा सोसणारे. कारखान्यातला एखादा पंप, एखादी टाकी लांब असते. तिथे हा राउटर लावायचा, त्यात सिमकार्ड घालायचं, आणि त्याच्या हिरव्या कनेक्टरमध्ये तारा जोडायच्या. एक तार हो किंवा नाही एवढंच सांगते. पाणी आहे, पाणी नाही. तिला डिजिटल इनपुट म्हणतात. दुसरी तार किती ते सांगते. पाणी किती गरम, किती खोल. ती ॲनालॉग. मग आम्ही शंकर नगरात पंख्याखाली बसून शहराबाहेरच्या सिलतरा औद्योगिक भागातल्या टाक्या बघतो. उंटावरून शेळ्या हाकण्याचा धंदा आहे, आणि मी तो सोळा वर्षं करते आहे.

त्या दिवशी काम सिलतऱ्यालाच होतं, एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्चं लोखंड बनवणाऱ्या कारखान्यात. लालभडक माल भट्टीतून बाहेर आला की एका फिरत्या लांब नळकांड्यातून जातो आणि त्या नळकांड्यावर सतत पाणी पडतं. माल थंड झाला की रबरी पट्ट्यावरून पुढे जातो. पाणी थांबलं तर लाल मालच पट्ट्यावर पडणार. म्हणून त्या पाण्याच्या टाकीवर नजर हवी. ती नजर आतापर्यंत पंपहाउसचा ऑपरेटर ठेवत असे. पन्नाशीतला, बारीक, कानावर टॉवेल बांधलेला माणूस, जवळच्याच गावचा. एकोणीस वर्षं दर अर्ध्या तासाने टाकीवर चढून पाणी बघणं हे त्याचं काम होतं. मला तो पहिल्या दिवसापासून दीदी म्हणायचा, जरी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असला तरी.

टाकीत एक तरंगता फ्लोट होता. त्यातून तीन तारा निघतात, त्यातल्या दोन राउटरला जोडायच्या. कुठल्या दोन, तिथेच सगळी मेख आहे. एक जोडी अशी, की पाणी असेपर्यंत सर्किट जोडलेलं राहतं आणि पाणी उतरलं की तुटतं. दुसरी जोडी उलटी, पाणी उतरलं की जुळते. दोन्हींनी मेसेज जातो. फरक एवढाच की पहिल्या जोडीत वाटेत कुठे तार तुटली तरी राउटरला पाणी संपल्यासारखंच वाटतं आणि तो ओरडतो. दुसऱ्या जोडीत तार तुटली तर त्याला काहीच कळत नाही. तो गप्प बसतो, आणि आपण समजतो सगळं ठीक आहे.

हे मला कॉलेजात शिकायच्या आधीपासून माहीत होतं. बाबा रेल्वेत सिग्नल खात्यात होते. शहराबाहेर भनपुरीच्या पुढच्या सिग्नल केबिनजवळ एकदा मला घेऊन गेले होते, तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. तिथे त्यांनी सांगितलं होतं, "तार तुटली तं सिग्नल लाल झाला पाह्यजे. हिरवा राह्यला तं माणसं मरतात." जेवताना, भाजी आणताना, माझं लग्न मोडलं तेव्हासुद्धा त्यांना बोलायला फारसं काही सुचत नसे. तारांबद्दल मात्र ते मोकळेपणाने बोलत.

मी अर्थातच पहिली जोडी जोडली. तारांची टोकं सोलली, त्यावर धातूच्या टोप्या दाबल्या, स्क्रू आवळले, प्रत्येक तार ओढून बघितली. पाण्याच्या तापमानाची ॲनालॉग तारही त्याच केबलमधून आणली. ऑपरेटर टाकीवर चढला, त्याने फ्लोट हाताने खाली दाबला, आणि खाली माझा आणि मॅनेजरसाहेबांच्या खिशातला, दोन्ही फोन वाजले. साहेब खूश झाले. ऑपरेटरकडे बघून म्हणाले, "चलो, अब मशीन देखेगी. तुम दोपहर में बोरवेल भी सँभाल लेना." तो म्हणाला, "हव साहब." हात माझे होते, काम चोख झालं होतं, आणि मी जणू दुसऱ्या कुणाला तरी काम करताना पाहत होते.

दोनच दिवसांनी मॅनेजरांचा फोन आला. मेसेज थांबत नाहीत. ते माझ्याही फोनवर येत होते, पण मी उघडले नव्हते. पाणी भरलेलं असताना दर दहा मिनिटांनी टाकी रिकामी झाल्याचा मेसेज. मोठ्या साहेबांच्या मीटिंगमध्येसुद्धा टीं-टीं. "मैडम, ये रोना बंद करवाइए, नहीं तो डिब्बा निकाल के फेंक दूँगा."

मी गेले. कारण मला रस्त्यातच कळलं होतं. पंपाच्या थरथरीने टाकी आणि राउटर यांच्या मधल्या जोडपेटीतला कुठलातरी स्क्रू सैल झाला असणार. तो शोधायचा, आवळायचा, शिवाय राउटरमध्ये दहा सेकंदांचा उशीर लावायचा, म्हणजे तार क्षणभर हलली तर मेसेज जात नाही. पाऊण तासाचं काम. जोडपेटी टाकीच्या मागे, उन्हात, शिडीवर. मे महिन्यातल्या रायपूरच्या दुपारी लोखंडी शिडीला हात लागत नाही. पण उन्हाची सबब मी देणार नाही. ऊन मला त्या दिवसांत लागतच नव्हतं. मला फक्त तो फोन वाजायला नको होता. कुणीच माझ्याकडून काही मागू नये, एवढंच हवं होतं. मी पंपहाउसच्या सावलीतल्या डब्यात एक तार एका स्क्रूतून काढून दुसऱ्यात घातली, लॅपटॉपवर राउटरच्या सेटिंगमधली एक खूण बदलली, आणि दोन मिनिटांत शांतता झाली.

ऑपरेटरने पुन्हा फ्लोट दाबला. मेसेज बरोबर आला. मॅनेजर म्हणाले, "ये हुई न बात." मीही हसले. कुठल्याही परीक्षेत ते पास झालं असतं. मला माहीत होतं मी काय केलंय. चुकून झालं, गोंधळ झाला, असं काही नाही. मी जाणूनबुजून गप्प बसणारी जोडी निवडली, आणि घरी येऊन वरण-भात जेवले.

आठ-दहा दिवस गेले. त्या दिवशी ऑफिसात डबा उघडून मी समोरच्या स्क्रीनवर सगळ्या कारखान्यांचे आकडे बघत होते. सिलतऱ्याच्या टाकीच्या पाण्याचं तापमान दिसत होतं उणे पंचवीस. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि माझ्यासमोर उणे पंचवीस. ह्याचा अर्थ एकच होतो. ॲनालॉग तारेत शून्य अंशालासुद्धा थोडा करंट ठेवलेला असतो, म्हणजे करंट अजिबात नसेल तर आकडा शून्याच्या खाली, थेट उणे पंचवीसवर जातो, आणि बघणाऱ्याला कळतं की तार तुटली. फ्लोटची तार त्याच केबलमध्ये होती. हेही मला माहीत होतं. सव्वाबारा वाजले होते. मी आकडा बघितला. पोळीचा तुकडा मोडला, भेंडी घेतली. जेवून झाल्यावर बघू असं मनात आलं, आणि जेवून झाल्यावर तेही मनातून गेलं.

तिकडे काय झालं ते नंतर कळलं. नाली खोदणाऱ्या जेसीबीने केबल तोडली होती आणि टाकीत पाणी आणणारा पाइपही. पाइप दुरुस्त करायला त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला, पंपहाउसला सांगितलं नाही, आणि जेवायला गेले. टाकी हळूहळू उतरत गेली. वर चढून बघण्याचं काम आता मशीनकडे गेलं होतं. दोन वाजता ऑपरेटर हुकमाप्रमाणे बोरवेलकडे गेला. अडीचच्या सुमाराला पाणी संपलं. राउटर गप्प. लाल माल पट्ट्यावर पडला आणि चाळीस फूट पट्टा जळाला. कुणाला इजा झाली नाही. दोन दिवस भट्टी बंद राहिली.

आग लागली की आधी माणूस शोधतात. तो सापडायला वेळ लागला नाही. ऑपरेटर जागेवर नव्हता. त्याचा गेटपास काढून घेतला. गेटपास गेला म्हणजे काम गेलं, कारण तो ठेकेदाराचा माणूस, कारखान्याचा नव्हे. त्याला ठेवायचं की काढायचं हे आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं. मशीन बरोबर चालत होती असं आम्ही लिहिलं, की उरतो फक्त तो.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा रात्रभर बाहेर बसले होते. म्हणाले, "हे पाहा मॅडम, खोटं काही लिहायचं नाही. केबल तुटली, हे खरं. ऑपरेटर जागेवर नव्हता, हेही खरं. तेवढं लिहून टाका. बाकीचं आपल्याले कोणी विचारून नाही राहिलं."

"फ्लोटची जोडी मी बदलली होती," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. "कोणाले माहीत आहे?"

"मला."

"मग झालं तं." त्यांनी पेन ठेवला. "तुमचे दिवस असे चालू आहेत. कशाले अंगावर घेता?"

मी रिपोर्ट लिहायला बसले आणि त्यांनी सांगितलेली दोन वाक्यं लिहिली. दोन्ही खरी होती. तिसरं लिहायचं तर मला अपराधी वाटायला हवं होतं, आणि मी वाट बघत बसले की आता वाटेल, मग वाटेल. काही वाटलं नाही. तेव्हा मला स्वतःचा राग आला, म्हणजे राग यायला हवा असं कळलं. असल्या अवस्थेत माणसाने वाटण्यावर विसंबू नये. ह्या कामात चूक काय आणि बरोबर काय हे पुस्तकात लिहिलेलं आहे, तेवढं पुरे. मी तिसरं वाक्य लिहिलं: फ्लोटची जोडणी मी स्वतः बदलली, बदललेल्या जोडणीत तार तुटल्याची सूचना मिळत नाही, आणि मूळ जोडणी राहिली असती तर केबल तुटली तेव्हाच मेसेज गेला असता. खाली सही केली. उणे पंचवीसचा उल्लेख केला नाही. तो आकडा मी पाहिला होता हे कुणी विचारलं नव्हतं, आणि माझ्याशिवाय कुणाला ठाऊकही नव्हतं. आकड्याच्या बाबतीत मालकांची युक्ती मला पटली म्हणा.

आता सिलतऱ्याला कागद द्यायची एक रीत आहे. साहेबांच्या हातात दिलेला कागद साहेबांच्या खणात जातो आणि तिथेच राहतो. गेटवर आवक खिडकी असते. तिथे दिला की बाबू रजिस्टरमध्ये चढवतो, दोन्ही प्रतींवर शिक्का मारतो, एक प्रत आपल्याला देतो. मग तो कागद कुणाला गिळता येत नाही. मी आधी शिक्का घेतला आणि मग आत गेले. गेटबाहेर चहाच्या टपरीजवळ ऑपरेटर बसला होता. तो रोज सकाळी येऊन तिथे बसायचा, कुणी बोलावलं तर, म्हणून. मला बघून उठला. "नमस्ते दीदी." मी मान हलवली आणि पुढे गेले.

मॅनेजरांनी कागद दोनदा वाचला. हा कागद आपल्यावरही येणार हे त्यांना कळलं, कारण टीं-टीं बंद करा असं कोण म्हणालं होतं आणि ऑपरेटरला बोरवेलकडे कुणी पाठवलं होतं, हे दोन्ही त्यांना आठवत होतं. म्हणाले, "मैडम, इसकी क्या ज़रूरत थी? आप दूसरा लिख के ला दीजिए, ये मैं रख लेता हूँ."

"सर, आवक में चढ़ गया है."

त्यांनी प्रतीवरचा शिक्का बघितला. मग म्हणाले, "आपकी कंपनी को आगे काम मिलेगा, इसकी गारंटी मैं नहीं देता."

"ठीक है," मी म्हटलं. खरंच ठीक वाटलं. ह्या बधिरपणाचा एवढा एक फायदा झाला.

चार दिवसांनी त्याचा गेटपास परत मिळाला. आमचं पुढचं काम मिळालं नाही. मालक महिनाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले, आणि एका दिवशी स्वतःच चहा घेऊन आले. ते त्यांचं आणि माझं मिटलं.

पण त्याआधी, त्याचा गेटपास परत मिळाला त्याच आठवड्यात, जोडणी पूर्ववत करायची होती. मी सकाळीच गेले. नवी केबल टाकलेली होती. जोडपेटी उघडली, सगळे स्क्रू आवळले, उशीर लावला, तार तिच्या मूळ जागी घातली. ऑपरेटर शिडी धरून उभा होता. कारखान्यात परत आल्याचा त्याला आनंद झाला होता आणि तो सारखा काहीतरी सांगत होता, मुलीच्या परीक्षेचं, गावातल्या तलावाचं. मला तो धन्यवाद देत होता. मी सत्य लिहिलं म्हणून. बाबूने त्याला कागद वाचून दाखवला होता.

राउटरमध्ये दोन नंबर होते, मॅनेजरांचा आणि माझा. मी तिसरा त्याचा घातला. मग तपासायला मुद्दाम तार काढली. दहा सेकंदांनी माझा फोन वाजला आणि त्याच्या शर्टच्या खिशातला बटणांचा फोनही वाजला. तो दचकला, मग हसला. मेसेज इंग्रजीत होता. मी सांगितलं, "ये नंबर आए तो पढ़ने की ज़रूरत नहीं. सीधा टंकी देखना."

"हव." तो फोन उलटसुलट करून बघत होता. "दीदी, ए हा तुँहर फोन मा घलो आथे?"

माझ्याही फोनवर येतो का, असं तो विचारत होता. "आता है."

"अऊ वो दिन? आय रहिस?"

त्या दिवशी आला होता का? त्यात कसलाही डाव नव्हता. त्याला फक्त मशीन समजून घ्यायची होती. नाही आला, एवढंच उत्तर खरं होतं आणि पुरेसं होतं. लिहिलेल्या कागदाशी जुळतही होतं.

"मेसेज नहीं आया," मी म्हटलं. "पर स्क्रीन पर मुझे दिखा था. सवा बारह बजे. तार टूट गया है, ये मुझे पता था."

तो शिडीवरचा हात न काढता माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागापुढे मला उभं राहता येतं.

"त एक ठन फोन कर देते, दीदी," तो म्हणाला. "मैं तो इहेंच रहेंव. दू बजे तक इहेंच बइठे रहेंव."

एक फोन करायचा होता. इथेच होतो. दोन वाजेपर्यंत इथेच बसलो होतो. तो बोटाने जागा दाखवत होता, पंपहाउसच्या पायरीला लागून, टाकीपासून तीस पावलांवर. त्याचा नंबर पहिल्या दिवसापासून माझ्या फोनमध्ये होता, पंप सिलतरा म्हणून. भेंडीची भाजी खाताना फोन ताटाच्या शेजारीच पडलेला होता.

मला लाज वाटली. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते हे होतं. मी त्याला सांगितलं की माझे बाबा नुकतेच गेलेत, तेव्हापासून मला कशाचं काही वाटत नाही, समोर दिसलं तरी उठवत नाही. सांगताना माझ्याच कानांना ती सबब वाटत होती. एकोणीस वर्षांचं काम गेलं असतं त्याचं, आणि मी त्याला माझं मन सांगत होते.

त्याने सगळं ऐकून घेतलं. बाबा किती वर्षांचे होते ते विचारलं. मग त्याने शिडी सोडली, टॉवेल कानावर पुन्हा बांधला आणि टाकीवर चढायला लागला. अर्धा तास झाला होता. मेसेज आता येणार होता, त्याच्या खिशातच येणार होता, तरी त्याने वर जाऊन, वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी पाणी पाहिलं. मी खालून विचारलं, "अब तो मशीन है, फिर काहे चढ़ते हो?"

"मसीन तो हे, दीदी," तो वरून म्हणाला. "फेर ओला देखइया तो मनखेच हे न." मशीन आहे, पण तिच्याकडे बघणारा शेवटी माणूसच ना.

तो मला टोमणा मारत नव्हता. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर धरून खाली उभी होते, आणि तो उतरेपर्यंत मला त्याच्याकडे वर बघता आलं नाही.